शुक्रवारच्या यादीतलं नाव

एक गोष्ट आधीच कबूल करून टाकतो. न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरात लिहिणाऱ्यांची मी टिंगल केलेली आहे. आमच्या स्टाफरूममध्ये चहा पिताना मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि सगळ्यांना हसवायचो. तेव्हा आता मला कुणी हसलं, तर माझी तक्रार नाही.

आमच्या घराण्यात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिला. गाव कन्नड तालुक्यातलं. वडील कन्नड-चाळीसगाव लायनीवर काळी-पिवळी जीप चालवायचे. घाटात रात्री हात दाखवणारी बाई, कुणाच्या अंगात येणं, तिठ्यावरचा उतारा... हे सगळं ऐकतच मोठा झालो आणि बी.कॉम. झाल्यावर एकेक मोडीत काढलं. उताऱ्यातला नारळ फोडून खाल्लेला आहे मी, सगळ्या गावादेखत. वडील म्हणाले होते, ''पोरगं शिकलं अन् लई कोरडं झालं.'' मला त्यात कमीपणा वाटला नव्हता, उलट बरंच वाटलं होतं.

बी.कॉम.नंतर हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केला. आज संभाजीनगरातल्या एका बऱ्यापैकी मोठ्या हॉटेलात मी ड्यूटी मॅनेजर आहे. जालना रोडपासून थोडं आत. नाव लिहीत नाही, कारण नोकरी अजून तिथंच आहे. राहायला पुंडलिकनगरला, स्वतःचा फ्लॅट. हे मुद्दाम सांगतोय. जे घडलं ते डोकं ठिकाणावर असलेल्या, हिशेबी माणसाबरोबर घडलं, एवढंच त्यातून कळावं.

आता आमच्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

अजिंठा-वेरूळ बघायला येणारे परदेशी पाहुणे बरेचदा मुंबईत रात्री अकरा-बाराला उतरतात आणि तसेच गाडीत बसून समृद्धी महामार्गानं आमच्याकडं निघतात. पहाटे पाच-साडेपाचला दारात. विमानात झोप नाही, गाडीत झोप नाही. डोळे लाल, पाय सुजलेले. एकदा एका आजोबांनी काउंटरवर मला विचारलं होतं, आज वार कोणता? मी सांगितला, तर त्यांचा विश्वास बसेना, बायकोला विचारून खात्री केली.

खोल्या आम्ही देतो दुपारी दोनला. पहाटे पाचला आलेल्याला खोली द्यायची, तर ती आदल्या रात्रीपासून रिकामी धरून ठेवावी लागते. म्हणून आमच्याकडं पद्धत अशी, की शनिवारी पहाटे पाचला येणारा पाहुणा आमच्या शुक्रवारच्या यादीत लिहायचा. शुक्रवारची रात्र त्याच्या नावावर. नवीन पोरं इथं हमखास चुकतात. मी कधी चुकलो नव्हतो. आठ वर्षांत एकदाही नाही. ट्रेनिंगला आलेल्यांना पहिल्या दिवशी मी हेच शिकवतो, जरा ऐटीतच शिकवतो.

याशिवाय तळमजल्यावर एक खोली आम्ही कुणालाच विकत नाही. जे पहाटे येतात आणि ज्यांची खोली तयार नसते, त्यांनी तिथं तोंड धुवावं, अंघोळ करावी, कपडे बदलावेत. ही खोली सुरू केली युसूफमामूंनी.

युसूफमामू आमच्याकडं बेल कॅप्टन होते. म्हणजे सामान उचलणाऱ्या सगळ्यांचे मुकादम. तीस-एक वर्षं दारात उभे राहिले. पांढरी दाढी, पाठ ताठ, आणि आलेल्या माणसाकडं बघून तो कितव्या रात्रीचा जागा आहे हे सांगायचे. मी कामाला लागलो तेव्हा माझं इंग्रजी कॉलेजातलं. समोर गोरा माणूस आला की घशात अडकायचं. मामू बाजूला येऊन हळूच म्हणायचे, ''पहले पानी दे बेटे. पासपोर्ट कहीं भाग के नै जाता.'' पाण्याचा ग्लास देईपर्यंत माझे शब्द जुळायचे. मी मॅनेजर झालो तेव्हा मात्र मी ते बदललं. परदेशी पाहुण्याची माहिती पोलिसांकडं वेळेत गेली पाहिजे, कार्ड आधी भरून घ्या, मग पाणी, असा नियम काढला. मामू तोवर रिटायर व्हायला आले होते. एवढंच म्हणाले, ''हौ, साहब.'' मला साहेब म्हणाले ते त्याच दिवशी पहिल्यांदा.

गेल्या वर्षी जानेवारीत मामू हॉस्पिटलात भरती झाले. हृदय थकलं होतं, किडन्याही. डॉक्टरांनी सांगितलं, बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. मामूंना एकच मुलगी, रुबीना. मस्कतला नर्स. घरात बाकी फक्त बायको, मुमानी. आम्ही मामूंना मामू म्हणायचो म्हणून त्या मुमानी. त्यांना कानानं कमी ऐकू येतं, फोनवर तर जवळजवळ नाहीच. म्हणून रुबीना सगळं माझ्याशीच बोलत होती. बुधवारी तिचा फोन आला. सुट्टी मंजूर झाली होती. तिकीट पाठवलं. रात्री सव्वाअकराला मुंबई, तिथून ओळखीच्या ड्रायव्हरची गाडी.

मी म्हणालो, ''ताई, थेट हॉटेलात या. खोली ठेवतो. तोंड धुवा, दोन घोट चहा घ्या, मग माझी गाडी तुम्हाला हॉस्पिटलात सोडेल. सात मिनिटांचा रस्ता आहे.''

ती म्हणाली, ''संदीपभाऊ, अब्बांना मी दमलेली दिसायला नको. त्यांना लगेच कळतं.''

मी तिथल्या तिथं यादीत नाव लिहिलं. तळमजल्याची खोली, पहाटे साडेपाच.

गुरुवारी दुपारी मी हॉस्पिटलात गेलो. मामूंच्या तोंडावर मास्क, हाताला सुया. मुमानी बाकड्यावर तसबीहचे मणी ओढत बसलेल्या. मला बघून मामूंनी मास्क खाली केला. नर्स ओरडली तरी त्यांनी हातानंच तिला थांबवलं. आधी माझ्या बुटांकडं बघितलं, पॉलिश आहे का ते. सवय. मग म्हणाले, ''मेरेकू बोल बेटा, कब आती? पक्का बोल.''

मी मोबाईल काढला. यादीचा फोटो होता त्यात. नाव रुबीना, वार शुक्रवार, वेळ पहाटे साडेपाच. मी वाचून दाखवलं, ''उद्या. शुक्रवारी पहाटे साडेपाचला हॉटेलात, सहाला तुमच्यासमोर.''

''कल?''

''उद्याच. मी आहे ना रात्रपाळीला. मीच पाठवतो.''

त्यांनी डोळे मिटले, बोटांवर काहीतरी मोजलं. मग हसले. खरंच हसले. म्हणाले, ''चल, छे बजे तक ड्यूटी खींचता मैं.''

तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं. शुक्रवारच्या यादीतली पहाट म्हणजे शनिवारची पहाट. आठ वर्षं रोज जे मी दुसऱ्यांना शिकवलं, तेच मी एका मरणाऱ्या माणसापुढं उलटं वाचलं. हॉटेलात बसून वाचलं असतं तर चुकलो नसतो. तिथं त्या पलंगाशेजारी उभा राहून मी साध्या माणसासारखा वाचला तो वार.

रात्री ड्यूटीवर आलो. थंडी चांगलीच होती. पाच वाजून दहा मिनिटांनी थायलंडचा बावीस जणांचा ग्रुप उतरला, सगळे अजिंठ्याला जाणारे. लॉबीत बॅगांचा ढीग. त्यांच्यात एक वयस्कर भिक्खू होते, त्यांना उभंही राहवेना, म्हणून मी तळमजल्याची ती खोली त्यांना उघडून दिली. माझ्या हाताखालची मुलगी ग्रुपच्या किल्ल्या वाटत होती. त्या गडबडीत मी मान वर केली, तर काउंटरसमोर रुबीना उभी.

मी तिला आधी दोनदा भेटलेलो आहे, एकदा तिच्या लग्नात, एकदा मामूंच्या निरोपाच्या कार्यक्रमात. ओळखण्यात चूक व्हायचा प्रश्नच नाही. करड्या रंगाचा स्वेटर, डोक्यावरून ओढणी. हातात सामान नव्हतं. मला वाटलं, गाडीतच असेल. चेहरा रात्रभराच्या प्रवाशाचा असतो तसाच. मी असे हजारो बघितलेत.

मी म्हणालो, ''या ताई. प्रवास नीट झाला ना?''

तिनं मान वर केली. माझ्यामागं भिंतीवर घड्याळं आहेत, तिकडं बघितलं. मग म्हणाली, ''उशीर झाला का?''

''उशीर कसला? वेळेच्या आधी आलात.''

''तरी किती झाला?''

मला हसू आलं. म्हटलं, झोप नाही बिचारीला. मी कार्ड आणि पेन पुढं सरकवलं. माझाच नियम. तिनं हात कार्डावर ठेवला, पेन उचललं नाही. डाव्या हाताच्या करंगळीजवळच्या बोटाला पट्टी होती, पांढरी, मध्ये थोडं रक्त आलेलं. मी विचारलं, हाताला काय झालं? तिनं बोटाकडं असं बघितलं, जणू तिलाही ते आत्ताच दिसतंय.

मी कॉम्प्युटरवर तिचं नाव शोधलं. त्या पहाटेच्या यादीत नव्हतंच. दुसऱ्या दिवसाच्या यादीत निघालं.

मला वाटलं, नाव लिहिताना माझीच चूक झाली. मी, ड्यूटी मॅनेजर, पोरांना शिकवणारा, चुकीच्या यादीत नाव लिहितो? आणि जी खोली द्यायचं कबूल केलं ती मी भिक्खूंना देऊन बसलो. शेजारच्या मुलीला हे कळू नये, एवढंच त्या क्षणाला माझ्या डोक्यात होतं. हे लिहायला मला लाज वाटते, पण तेवढंच होतं.

म्हणालो, ''ताई, दहा मिनिटं सोफ्यावर बसा. दुसरी खोली करून देतो.''

ती म्हणाली, ''खोली नको.''

''अहो, तोंड तरी धुवा. मामूंना काय वाटेल.''

ती वळली. गेली आणि खांबाशेजारच्या सोफ्यावर बसली. मी स्वतः पाण्याचा ग्लास नेऊन समोर ठेवला. मग आत जाऊन तिचं नाव शुक्रवारच्या यादीतून काढून गुरुवारच्या यादीत टाकलं. हाउसकीपिंगला फोन केला, ११२ नंबर ताबडतोब तयार करा म्हणून. गाडी बाहेर उभी होती, ड्रायव्हर आत झोपलेला. त्याला फक्त हाक मारायची होती. मी मारली नाही. आधी यादी नीट, मग खोली, मग गाडी.

किल्ली घेऊन बाहेर आलो तेव्हा सहाला दहा कमी होते. सोफा रिकामा. ग्लास भरलेला. कार्ड काउंटरवर कोरं.

मला वाटलं, रिक्षा करून गेली. आणि खरं सांगतो, मला थोडा रागच आला. एवढी धावपळ केली, दहा मिनिटं निघाली नाहीत हिला. पण मग बरंही वाटलं, की पोचेल वेळेवर.

सहा पंचविसाला मुमानींचा फोन आला. त्या कधी स्वतःहून फोन करत नाहीत. एवढंच बोलल्या, ''बेटा, तेरे मामू गए.''

मी ओरडून विचारलं, कारण त्यांना ऐकू येत नाही, ''रुबीना पोचली का?''

''कां आई? अभी कां आई वो?''

मी हातातलं सोडून निघालो. गाडीत बसून रुबीनाला फोन लावला. मला वाटत होतं, रिक्षावाल्यानं भलत्याच हॉस्पिटलात नेलं असेल. पाच-सहा रिंग झाल्या. तिनं उचलला. आवाज झोपेतला.

''ताई, कुठं आहात?''

''रूमवर... का? संदीपभाऊ, माझी फ्लाइट आज संध्याकाळची आहे. तिकीट पाठवलंय ना तुम्हाला.''

मागं पंखा चालू होता. तोही मला ऐकू येत होता. गाडी सिग्नलला थांबली होती, रस्त्यावर कुणी नव्हतं तरी ड्रायव्हर थांबला होता. तिनं दोनदा विचारलं, ''संदीपभाऊ? अब्बा?'' आणि मग मला सांगावं लागलं.

हॉस्पिटलात मामूंना पांढऱ्या चादरीत झाकलेलं होतं. रात्रीची नर्स अजून घरी गेली नव्हती. तिनं सांगितलं, बाबा पहाटे चारपासून जागे होते, दर थोड्या वेळानं किती वाजले विचारायचे. दाढी विंचरून घेतली. उशी उंच करून घेतली, दार दिसावं म्हणून. नाडी चांगली लागत होती. डॉक्टर म्हणाले होते, अशीच राहिली तर आणखी दोन दिवस निघतील. सहा वाजले, बाबांनी विचारलं, तिनं सांगितलं. सहा दहाला पुन्हा विचारलं. त्यानंतर विचारलं नाही. वीसला गेले.

''कुणाची वाट बघत होते का?'' तिनं मला विचारलं.

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला आता आठवत नाही.

मुमानी माझा हात धरून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी बसूनच मी मोबाईलवरचं तिकीट उघडलं. शुक्रवार संध्याकाळ. म्हणजे शनिवारी पहाटे. म्हणजे यादी बरोबर होती. नाव अगदी योग्य जागी लिहिलेलं होतं. चुकलं होतं ते फक्त मी मामूंना सांगितलेलं.

दफन शुक्रवारीच झालं, जुम्म्याच्या नमाजनंतर. रुबीनानंच फोनवर सांगितलं, माझ्यासाठी अब्बांना ताटकळत ठेवू नका. मी खांदा दिला. मग हॉटेलात परत आलो. कारण एक प्रश्न उरला होता, आणि बी.कॉम. झालेल्या माणसाला तो सोडवायलाच हवा होता. पहाटे काउंटरवर कोण आलं होतं?

झोप झाली नव्हती म्हणून भास झाला असेल – हे मीच मला पहिल्यांदा सांगितलं. मग गेटवर गेलो. आमचे वॉचमन दगडूकाका, वैजापूरकडचे. वहीत आलेल्या-गेलेल्याची नोंद ठेवतात. दुपारची वेळ, काका गेटमागच्या खोलीतच राहतात, नुकतेच झोपून उठले होते. वही उघडली. थायलंडच्या बसखाली त्यांच्या अक्षरात एक ओळ होती. वेळ पाच अठ्ठावीस. लेडीज एक. गाडी नंबरच्या रकान्यात 'पायी'. सामानाच्या रकान्यात 'नाही'.

मी म्हणालो, ''काका, ही कोण?''

''आवो साहेब, तुमच्याशीच तर बोलत होती. म्याच दार उघडलं की.''

''आली कुठून?''

''गेटातून. चालत. म्या म्हनलं, येवढ्या थंडीत बाईमानूस एकटं... पर तोंड ओळखीचं वाटलं म्हून इचारलं नाय.''

''आणि गेली कधी?''

काका वहीकडं बघत राहिले. जाण्याची वेळ लिहिलेली नव्हती. ते म्हणाले, ''गेली व्हय? म्या नाय बघितली जाताना.'' आणि काका दारातून हलत नाहीत. लघवीला जायचं तरी दुसऱ्याला उभं करून जातात.

कॅमेरा बघितला. काउंटरवरच्या कॅमेऱ्यात मी दिसतो, बोलताना, कार्ड सरकवताना, हसताना. माझ्यासमोर कोण आहे ते दिसत नाही, कारण ग्रुपच्या बॅगांची ट्रॉली नेमकी मध्ये उभी आहे. सोफा खांबाच्या पलीकडं, तिथं कॅमेरा पोचतच नाही. ट्रॉली बाजूला झाली तेव्हा समोर कुणी नाही. कॉम्प्युटरमध्ये मात्र नोंद आहे, पाच छत्तीसला मी तिचं नाव एका दिवसानं अलीकडं आणलं. ते मी पुन्हा शुक्रवारच्या यादीत नेऊन ठेवलं.

शनिवारी पहाटे मी ड्यूटी नसताना काउंटरवर उभा राहिलो. पाच पस्तीसला गाडी आली. रुबीना उतरली. दगडूकाकांनी दार उघडलं आणि तिला बघून तिथंच थांबले. मग म्हणाले, ''ताई, काल बी आलता ना तुम्ही?''

ती म्हणाली, ''नाही काका, आत्ताच येतेय.''

करड्या रंगाचा स्वेटर. डोक्यावरून ओढणी. सामान ड्रायव्हरनं काढलं, तिच्या हातात काही नव्हतं. मी कार्ड पुढं केलं नाही. पाण्याचा ग्लास दिला. तिनं डाव्या हातानं घेतला आणि मला ती पट्टी दिसली. करंगळीजवळचं बोट. पांढरी, मध्ये थोडं रक्त आलेलं.

मला विचारावंच लागलं. ती म्हणाली, ''मुंबईत. एअरपोर्टवर ट्रॉलीत सापडलं. तिथंच बांधून दिली.''

म्हणजे शुक्रवारी रात्री, बाराच्या सुमाराला. मी ती पट्टी शुक्रवारी पहाटे बघितली होती. जखम व्हायच्या अठरा तास आधी.

मेलेला माणूस दिसला असं सांगणारे मी पुष्कळ ऐकलेत. जिवंत माणूस, एक दिवस आधी, पुढच्या दिवसाची जखम घेऊन आलेला, असं मी कुणाकडून ऐकलेलं नाही. आणि ती आली ती नेमकी त्याच पहाटे, जी पहाट मी मामूंना तोंडानं सांगितली होती. मी गाडी दिली असती, तर ती हॉस्पिटलात उतरली असती का? त्या दारातून आत आली असती का? मामूंना दिसली असती का? सात मिनिटांचा रस्ता होता. पाच एकोणतीसला निघाली असती, तरी मामू पन्नास मिनिटं जिवंत होते. रोज कधीतरी मी हा हिशेब करतो. आकडे दर वेळी बरोबर येतात, पुढं काहीच येत नाही.

माझ्या एका डॉक्टर मित्राला सांगितलं. तो म्हणाला, ताण, अपुरी झोप, आणि दगडूकाकांनी दुसरीच कुणी बाई बघितली असेल. पट्टी? तो म्हणाला, ती तू शनिवारी बघितलीस आणि मेंदूनं मागं नेऊन चिकटवली. असेलही. पण शुक्रवारी दुपारी, ती यायच्या आधी, मी दगडूकाकांना विचारलं होतं, तिच्या हाताला पट्टी होती का? ते म्हणाले होते, ''व्हय, डाव्या.'' हे मित्राला सांगितल्यावर त्यानं विषय बदलला.

रुबीना दहा दिवस राहिली. जायच्या आदल्या संध्याकाळी मी रोशनगेटला त्यांच्या घरी गेलो. मुमानींनी माझ्यापुढं शेवयांचा खुर्मा ठेवला. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. रुबीनाला म्हणाल्या, या पोरानं सख्ख्या मुलासारखं केलं. मी खाली मान घालून खात होतो.

मग त्या आत गेल्या, आणि रुबीना म्हणाली, ''संदीपभाऊ, एक विचारू? अम्मी म्हणते, अब्बांनी शुक्रवारी पहाटे दाढी विंचरून घेतली. सारखं म्हणत होते, आज आएगी. माझं तर शनिवारी पहाटे यायचं ठरलं होतं. त्यांना शुक्रवार कुणी सांगितला?''

तिचा आवाज साधा होता. ती मला जाब विचारत नव्हती. तिला फक्त कळून घ्यायचं होतं.

मी तिला सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो, खरं तर. दोन दिवस वाक्यं जुळवली होती. चूक कबूल करायची, मग त्या पहाटेचं सांगायचं. पण मुमानी आतून पाणी घेऊन येत होत्या, आणि मी घराण्यातला पहिला शिकलेला, मॅनेजर, मामूंनी घडवलेला... माझ्या तोंडातून निघालं, ''ऐकण्यात गफलत झाली असेल त्यांची. आजारपणात होतं तसं.''

तिनं माझ्यापुढची रिकामी वाटी उचलली. मग मान हलवली. म्हणाली, ''हो. शेवटी शेवटी अब्बांनाही कमीच ऐकू यायला लागलं असेल.''

मामूंचे कान शेवटपर्यंत ठीक होते. मी सांगितलेला शब्दन्‌शब्द त्यांनी ऐकला होता.

या गोष्टीला वर्ष होत आलं. रुबीना मस्कतला आहे, ईदला माझ्या मुलांसाठी खजूर पाठवते. त्या पहाटे काउंटरवर कोण उभं होतं, याचा उलगडा मला झालेला नाही. कुणाला होत असेल तर जरूर कळवा. पण तिनं तेव्हा मला दोनदा एकच गोष्ट विचारली होती, उशीर किती झाला, आणि मला ती तेव्हा कळली नाही. शिकलेल्या माणसासारखा मी तिला वेळ समजावून सांगत बसलो.